कुत्र्या-मांजराला प्रवासाला नेताना: तयारी महिनाभर आधीपासूनची

मांजराला प्रवासाला न्यायचं ठरलं की बहुतेक घरांत आदल्या रात्री कॅरियर, म्हणजे प्राणी न्यायची पेटी किंवा पिशवी, बाहेर निघतो. मांजराने तो शेवटचा पाहिलेला असतो इंजेक्शनच्या दिवशी. तो दिसताच ते पलंगाखाली कोपऱ्यात जाऊन बसतं, त्याला ओढून बाहेर काढावं लागतं, दाबून आत घालावं लागतं, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच त्याची भीती टोकाला गेलेली असते. पुढचं रडणं, लाळ, उलटी, कॅरियरमध्येच शू होणं, यातलं बरंचसं इथूनच सुरू होतं. कुत्र्यांचंही फारसं वेगळं नाही, फक्त ते जास्त सोसतात म्हणून आपल्या लक्षात उशिरा येतं. म्हणून माझं ठाम मत आहे की तयारीतला सर्वांत मोठा वाटा कॅरियरची किंवा क्रेटची (कुत्र्याला न्यायच्या मोठ्या पिंजऱ्याची) सवय लावण्याला द्यावा, आणि ती प्रवासाच्या किमान ३ ते ४ आठवडे आधी सुरू करावी.

आधी माप. प्राणी आत कान छताला न टेकता उभा राहिला पाहिजे, पूर्ण वळला पाहिजे आणि पाय पसरून आडवा होऊ शकला पाहिजे. विमानासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सूत्र वापरतात आणि मोठ्या कुत्र्याचा क्रेट घेताना गाडीसाठीसुद्धा ते कामी येतं. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवला की क्रेटची आतली लांबी मिळते. खांद्याची रुंदी दुप्पट केली की रुंदी. उभं असताना डोक्याच्या किंवा ताठ कानांच्या टोकापर्यंत जितकं भरेल ती उंची, अधिक अंथरुणाची जाडी. म्हणजे ६० सेंमी लांबीच्या, २६ सेंमी कोपर-उंचीच्या आणि २० सेंमी खांद्याच्या कुत्र्याला ७३ सेंमी लांब आणि ४० सेंमी रुंद क्रेट लागेल. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा बसक्या नाकाच्या प्राण्यांना प्रत्येक माप १० टक्के जास्त धरतात. फक्त गाडीनेच जायचं असेल तर विनाकारण मोठा क्रेट घेऊ नका. जोरात ब्रेक लागला की प्राणी आतल्या आत भिंतीवर आदळतो.

मांजरासाठी कडक प्लॅस्टिकचा, वरूनही उघडणारा आणि वरचा अर्धा भाग सुटा होणारा कॅरियर घ्या. घाबरलेल्या मांजराला पुढच्या दारातून ओढून काढण्याऐवजी झाकण काढता येतं, डॉक्टर खालच्या अर्ध्या भागात बसलेलं असतानाच त्याला तपासू शकतात. कापडी पिशवीवजा कॅरियर हलका असतो, पण मांजर नाकाने आणि पंजाने चेन सरकवतं. तो घेतलात तर चेनच्या दोन्ही टोकांना अडकवायला हूक आहे ना ते बघा. प्लॅस्टिकच्या कॅरियरचा कमकुवत भाग म्हणजे बाजूच्या खिट्ट्या आणि दाराच्या बिजागरीच्या काड्या. आत ५ किलोची पुस्तकं ठेवून हँडलने उचला आणि थोडं हलवा. जे सुटायचं असेल ते घरीच सुटू दे, रस्त्यावर नको.

आता सवय. पहिले काही दिवस कॅरियरचं झाकण आणि दार काढून टाका आणि खालचा भाग मांजर एरवी झोपतं त्या जागी ठेवून द्या. आत त्याच्याच अंगाखालचा, न धुतलेला टॉवेल घाला. स्वच्छतेच्या भरात कॅरियर फिनाईलने धुऊन काढला तर त्याचा स्वतःचा वास जातो आणि नको असलेला उग्र वास येतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. रोज दोन-तीन वेळा त्यात आवडता खाऊ टाका आणि बाजूला व्हा, बघत उभे राहू नका. ते आपण होऊन आत जाऊ लागलं की जेवणाचा वाडगा आधी कॅरियरजवळ, मग त्याच्या काठाशी, मग अगदी आतल्या टोकाला. त्यानंतर झाकण बसवायचं, दार नाही. मग दार लावायचं, पण दोरीने उघडं बांधून, नाहीतर ते धक्क्याने मिटतं आणि आठवड्याची मेहनत एका आवाजात वाया जाते.

दार बंद करायला सुरुवात कराल तेव्हा ते खात असताना ५ सेकंद बंद, आणि खाणं संपायच्या आत उघडं. मग ३० सेकंद, २ मिनिटं, १० मिनिटं. यापुढे उचलणं. कॅरियर हँडलला धरून झोके देत नेऊ नका, खालून हात घालून छातीशी धरा, आतल्या प्राण्याला पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटत नाही. मग बंद गाडीत ५ मिनिटं. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवरच. मग गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. प्रत्येक पायरीनंतर खाऊ.

पुढच्या पायरीवर कधी जायचं याची एक खूण आहे, आणि ती कुठल्याही वेळापत्रकापेक्षा भरवशाची आहे: खाणं. घाबरलेला प्राणी आवडता खाऊसुद्धा तोंडात घेत नाही, किंवा घेऊन टाकून देतो. कालपर्यंत खाणारं मांजर आज या पायरीवर खात नसेल तर पायरी मोठी झाली. एक मागे या, दोन दिवस तिथेच राहा. घाईने पुढे ढकललेल्या प्राण्याला पुन्हा शून्यापासून शिकवावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी जास्त दिवस लागतात. कुत्र्याच्या क्रेटलाही हाच क्रम चालतो. तो आत असताना ओरडू लागला तर लगेच दार उघडू नका आणि रागावूही नका. क्षणभर शांत होईल तेव्हा उघडा, आणि पुढच्या वेळी वेळ निम्मी करा.

प्रवासात होणाऱ्या त्रासाची दोन कारणं असतात, भीती आणि मळमळ, आणि ती ओळखता आली पाहिजेत कारण उपाय वेगळे आहेत. मळमळ आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळे होते. कुत्र्याच्या पिल्लांत तो भाग अजून पक्का झालेला नसतो, म्हणून पिल्लं जास्त ओकतात आणि वर्षभराची होईपर्यंत बरीचशी सुधारतात. मळमळणारा कुत्रा आधी गप्प होतो. मान खाली, नजर स्थिर. मग जिभेने ओठ चाटणं सुरू होतं, पुन्हा पुन्हा, मधूनच जांभई, पण झोपेची नाही. मग गिळणं, घशाशी आलेलं परत ढकलल्यासारखं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटली की उलटीला फार वेळ उरत नाही, गाडी बाजूला घ्या. याउलट घाबरलेला कुत्रा धापा टाकतो, थरथरतो, उठतो-बसतो, दाराकडे झेपावतो, आणि बऱ्याचदा गाडी सुरू व्हायच्या आधीच हे सगळं सुरू झालेलं असतं. अर्थात दरवेळी मळमळल्यामुळे गाडीचीच धास्ती बसलेले कुत्रेही असतात. त्यांच्यात आधी मळमळ थांबवावी लागते, मगच सवयीचा उपयोग होतो.

मोठ्या, निरोगी कुत्र्या-मांजराचं शेवटचं पूर्ण जेवण निघायच्या ४ ते ६ तास आधी व्हावं. पाणी मात्र बंद करू नका. लहान पिल्लं आणि मधुमेहाची औषधं चालू असलेले प्राणी यांना उपाशी ठेवणं धोक्याचं आहे, त्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मळमळीवर मॅरोपिटंट नावाचं चांगलं औषध आहे. कुत्र्यांना ते प्रवासाच्या साधारण २ तास आधी आणि किंचित खाण्याबरोबर देतात. अगदी रिकाम्या पोटी दिलं तर गोळीच उलटून पडण्याची शक्यता असते, आणि भरपेट जेवणाबरोबर दिलं तर औषधाचा उद्देशच फसतो. घाबरट मांजरांना डॉक्टर बऱ्याचदा गॅबापेंटिन देतात, निघायच्या दीड-दोन तास आधी. कुठलंही असं औषध पहिल्यांदा प्रवासाच्या दिवशी देऊ नका. एखाद्या मोकळ्या दिवशी घरी देऊन बघा: किती वेळाने परिणाम दिसतो, पाय लटपटतात का, उलटी होते का. आणि आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला मारू शकतं. आयबुप्रोफेन कुत्रा आणि मांजर दोघांनाही घातक आहे.

गुंगीच्या औषधांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पूर्वी ॲसेप्रोमॅझीन सर्रास दिलं जायचं. ते रक्तदाब खाली आणतं, शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमता कमी करतं, आणि प्राणी हालचाल करत नाही म्हणून शांत दिसतो, भीती मात्र आत तशीच राहते. विमानात, जिथे कोणी जवळ जाऊन बघू शकत नाही, तिथे हे फार धोक्याचं. अनेक विमान कंपन्या गुंगीतला प्राणी घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

गाडीत प्राणी मोकळा असता कामा नये, मांडीवर तर नाहीच. लहान कॅरियरसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत, घट्ट बसवून. सीटवर ठेवून हँडलमधून सीटबेल्ट ओवणं दिसायला सुरक्षित दिसतं, पण टक्कर झाली तर बेल्ट प्लॅस्टिकचं कवच चिरडतो. कॅरियर बनवणाऱ्याने बेल्टसाठी मुद्दाम सोय केली असेल तरच तसं करा. कुत्र्याला छातीवर रुंद पट्टी असलेला, अपघाताची चाचणी झालेला हार्नेस घालून मागच्या सीटवर बेल्टला जोडा. जोडणारा पट्टा आखूड असावा, कुत्रा बसू आणि झोपू शकेल इतकाच. गळपट्ट्याला बेल्ट कधीच जोडू नका, झटका थेट मानेवर येतो. पुढच्या सीटवरची एअरबॅग माणसाच्या मापाची असते, कुत्र्याला ती जखमीच करेल. खिडकीतून डोकं बाहेर काढणारा कुत्रा खूश दिसतो, पण उडालेला खडा डोळ्यात जायला एक क्षण पुरतो. काच वरून दोन बोटं उघडी ठेवा, वास तेवढ्यातूनही येतात.

दर २ ते ३ तासांनी थांबा. प्राणी हरवण्याची वेळ हीच. दार उघडण्याआधी पट्टा लावलेला आणि हातात असला पाहिजे, हा क्रम सगळ्या घरादाराने पाठ करावा, कारण घात बहुधा दुसऱ्याच कोणीतरी दार उघडल्याने होतो. मांजराला थांब्यावर कॅरियरबाहेर काढायची गरज नसते. ते १२ तास शू न करता सहज राहू शकतं. लांबचा पल्ला असेल तर सगळी दारं-खिडक्या बंद करून गाडीतच छोटा लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूचा ट्रे) पुढे ठेवा. बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि शू होत नसेल तर तो मूत्रमार्ग अडकल्याचा इशारा असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उभ्या गाडीत प्राण्याला ठेवून जाणं, ५ मिनिटांसाठी म्हणूनसुद्धा, नको. बाहेर २४ अंश असताना आतलं तापमान १० मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांच्या आसपास जातं, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकून थंड होतो. बंद जागेतली हवा त्याच्याच श्वासाने दमट झाली की तेही साधत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश असतं. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, घट्ट चिकट लाळ, तोल जातोय, असं दिसलं तर उष्माघात समजा. आधी थंड करा, मग डॉक्टरकडे न्या. जे गार पाणी हाताशी असेल ते अंगावर ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो. तापमान ३९.५ वर आलं की ओतणं थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जातं.

कागदपत्रांत क्रम चुकतो आणि त्याची शिक्षा महिन्यांत मोजावी लागते. परदेशी जायचं असेल तर आधी कातडीखाली बसवायची मायक्रोचिप, १५ अंकी, आयएसओ मानकाची, आणि मग रेबीजची लस. युरोपीय संघासह अनेक ठिकाणी चिपच्या आधी घेतलेली लस धरलीच जात नाही, कारण लस याच प्राण्याला दिली हे सिद्ध होत नाही. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. काही देशांतून येणाऱ्या प्राण्यांची रक्ततपासणीही लागते, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण प्रतिमिलिलीटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यावं लागतं. युरोपसाठी रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी घेतात आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबवतात, जपानसाठी १८० दिवस. ब्रिटन आणि आयर्लंडला जाणाऱ्या कुत्र्याला पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं औषध डॉक्टरांकडूनच देऊन तशी नोंद घ्यावी लागते. ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत ६ महिन्यांखालचा कुत्रा नेता येत नाही. हे नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा मजकूर स्वतः वाचा. देशातल्या देशात जायचं असेल तरी चिप असू द्या आणि नोंदणीतला फोन नंबर चालू आहे ना ते तपासा. चिप ठावठिकाणा सांगत नाही, ती फक्त वाचकयंत्रासमोर आपला क्रमांक दाखवते, त्यामुळे जुना नंबर म्हणजे निरुपयोगी चिप.

विमानासाठी शक्यतो थेट उड्डाण घ्या, उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं. प्राणी नेतात त्या सामानकक्षातला हवेचा दाब प्रवासी कक्षाइतकाच असतो. खरा धोका असतो तो धावपट्टीजवळ उन्हात ताटकळण्याचा, आणि बसक्या नाकाच्या जातींना अनेक कंपन्या नाकारतात त्या त्याच भीतीने. क्रेटमध्ये पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवून लावा, चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहते. खाली पाणी शोषणारं अंथरूण. सामानकक्षातल्या क्रेटमध्ये कुत्र्याच्या अंगावर हार्नेस किंवा पट्टा ठेवू नका, जाळीत अडकतो. प्रवासी कक्षातून मांजर नेत असाल तर उलट, हार्नेस घातलेला हवाच. सुरक्षा तपासणीत कॅरियर यंत्रातून जातो आणि मांजर तुमच्या हातात असतं, चारी बाजूंना गोंगाट. वेगळ्या बंद खोलीत तपासणी करा अशी विनंती आधीच करा. हार्नेसची सवयसुद्धा घरी आठवडाभर आधी लावावी लागते. पहिल्यांदा घातला की बरीच मांजरं आडवी पडून राहतात.

सशाला कधीही उपाशी ठेवू नका. त्याचं आतडं सतत चालू लागतं, म्हणून वाटभर सुकं गवत समोर हवं, आणि उकाडा त्याला कुत्र्याहून कमी सोसतो. पक्ष्याच्या पिंजऱ्यातून झोके, घंटा, लटकणारी खेळणी काढा, दांडी खाली बसवा, पाण्याच्या वाटीऐवजी रसाळ फळाचे तुकडे ठेवा.

पिशवीत नेहमीचंच खाणं हवं, मुक्कामाचे दिवस अधिक ३ दिवसांचं, कारण नवं अन्न आणि प्रवासाचा ताण एकत्र आले की जुलाब ठरलेले. घरचं थोडं पाणी, औषधं मूळ वेष्टनात, जुने टॉवेल ४-५, तुमच्यासोबतचा प्राण्याचा स्पष्ट फोटो, आणि मुक्कामाजवळच्या, रात्री उघड्या असणाऱ्या पशुवैद्याचा नंबर. पिसवांचं औषध आठवड्याभरापूर्वीच लावून घ्या, आणि कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला चुकूनही लावू नका, त्याने झटके येऊन मांजर दगावू शकतं.

पोचल्यावर मांजराला पूर्ण घर दाखवायची घाई नको. एक खोली, खिडक्या बंद, आधी लिटर ट्रे आणि पाणी मांडून झालं की मग कॅरियरचं दार उघडा आणि तो तिथेच राहू द्या. ते तासाभराने बाहेर येईल किंवा रात्री. कुत्र्याला कुंपणाच्या आवारातही पहिले २-३ दिवस पट्ट्यावरच फिरवा, घराचा वास अजून त्याचा झालेला नसतो. खाण्यावर लक्ष ठेवा. कुत्रा दिवसभर कमी जेवला तर चालतं. मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते आणि ते दुखणं जीवघेणं ठरू शकतं. भूक चाळवण्यासाठी ओलं खाणं किंचित कोमट करून, वाडगा कॅरियरच्या दाराशी ठेवून पाहा.